मराठवाड्याच्या उन्हात प्रोसेसर जळतो?

जुन्या डेस्कटॉपचा वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचा विषय निघाला की जालना जिल्ह्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्याकडच्या उन्हात? प्रोसेसर जळून खाक होईल!’ घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात पत्र्याच्या खोलीत सेकंडहँड पीसी चालवणाऱ्याला ते पटतंही. कुणाचा जळला, असं विचारलं तर ‘एकाचा जळला होता ना’ यापुढे माहिती सरकत नाही.

जळणारे प्रोसेसर खरोखर होते. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांतल्या प्रोसेसरवरचे हीटसिंक काढून त्याचं चित्रीकरण केलं. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ३ मात्र अडकून थांबला आणि वाचला, तर पेंटियम ४ वेग उतरवून चालतच राहिला. पुढे असं संरक्षण सगळीकडेच आलं. २०११ चा कोअर आय५-२५००के घ्या. गाभ्याचं तापमान शंभर अंशांजवळ गेलं की तो आपणहून मंदावतो. तरीही पारा चढला तर मशीन बंद होते. दोन दशकांपूर्वीच्या धुराची भीती आजही का घालायची?

खरा मुद्दा व्होल्टेजचा आहे, आणि नेमका तोच कुणी काढत नाही. काम करताना चिप जी वीज खाते आणि उष्णता म्हणून बाहेर टाकते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याच २५००केचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज तेवढंच ठेवून तो ४ वर नेला, तर ही उष्णता साधारण २१ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं, तर वाढ ५३ टक्क्यांवर जाते. शिवाय जादा व्होल्टेज चिपला हळूहळू झिजवतं, तापमान आवाक्यात असलं तरी. शंका असेल त्याने २०२४ चं प्रकरण आठवावं: तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा खुद्द इंटेलने वाढीव व्होल्टेजकडे बोट दाखवलं आणि ते १.५५ व्होल्टच्या आत ठेवणारा मायक्रोकोड दिला. ते प्रोसेसर काही जालन्याच्या उन्हात तापलेले नव्हते.

मग उन्हाचा संबंधच नाही का? आहे, आणि तो साध्या बेरजेचा आहे. खोलीत २५ अंश असताना भार दिल्यावर गाभा ६५ दाखवत असेल, तर कूलर त्याला खोलीपेक्षा ४० अंश वर रोखून धरतोय. मे महिन्यात तीच खोली ४२ वर गेली की गाभा ८२ च्या आसपास जाणार. जळणार नाही, पण जानेवारीत ८० वर बसवलेली सेटिंग तेव्हा शंभरीला भिडेल आणि वाढवलेला वेग प्रोसेसर स्वतःच काढून घेईल.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कुठलाही प्रोसेसर वाढवता येतो.’ नाही. इंटेलच्या २५००केच्या पिढीत पूर्ण मोकळा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, मुख्यतः नावात ‘के’ असलेल्यांना मिळाला. शिवाय एच६१ चिपसेटच्या बोर्डावर तो ‘के’ही उपयोगाचा नाही.

‘कंपनीने ७२.६ अंश लिहिलंय, माझा ७८ दाखवतो, म्हणजे गेला.’ इंटेलचा २५००केसाठीचा तो आकडा प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाचा आहे. सॉफ्टवेअर दाखवतं ते आतल्या गाभ्याचं तापमान, आणि ते जास्तच असतं.

‘थर्मल पेस्ट जितकी जास्त तितकं थंड.’ पेस्ट फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायला असते. जाड थर उष्णता अडवतो.

‘कॅबिनेटची बाजू काढून ठेवली की काम झालं.’ आठवडाभर होईलही. मग कापसाची तूस आणि रस्त्याची धूळ हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते.

‘लिक्विड कूलर लावला की खोलीपेक्षा गार.’ अशक्य. त्याचा रेडिएटर शेवटी खोलीच्याच हवेवर चालतो.

‘वेग वाढवला की विंडोज पटकन सुरू होते.’ तिथे अडसर बहुधा हार्डडिस्कचा असतो. पैसे थोडेच असतील तर ते आधी एसएसडीला द्यावेत.

ज्यांना तरीही करायचंय, त्यांनी आधी हीटसिंक ब्रशने साफ करावा, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी आणि एसएमपीएस दर्जेदार आहे ना हे पाहावं. मग बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वर न सोडता आहे तिथेच बांधून मल्टिप्लायर एकेक पायरी चढवावा आणि दर पायरीला प्राइम९५ हे ताण-चाचणीचं सॉफ्टवेअर तासभर चालवावं. गाभा ८० अंशांपुढे गेला किंवा मशीन अडकली की एक पायरी खाली यावं. शेवटची चाचणी मात्र मे महिन्यातल्या दुपारी, खोलीतला पंखा बंद ठेवून घ्यावी. तिथे टिकलेली सेटिंगच कायम ठेवावी.