खेळणे घेताना एवढे पाहावे

बँकेत आम्ही पाचशेची नोट उजेडात धरून पारखतो; जत्रेतले खेळणे मात्र न पाहताच मुलाच्या हाती देतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या कारखानी खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहावे. बटणासारख्या चपट्या सेलचे झाकण स्क्रूने बंद असावे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच आतून गंभीर भाजते. ओकारी काढू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. घातक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणास दिला आहे. पण आपण गप्प बसलो तर त्यांना कळणार कसे? पावती जपावी, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यात दुसऱ्याचेही मूल वाचेल.