दार लावून पाहायचा व्हिडिओ

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला भेटायला येणारे विचारतात, "चालता कधी येईल?" घरच्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो आणि तो चारचौघांत काढवत नाही. शौचाचं काय करायचं?

आतड्याचे निरोप मेंदूपर्यंत मज्जारज्जूतून जातात. ती वाट तुटली की शौचाला लागल्याची जाणीव जाते, रोखून धरण्याचा ताबाही जातो. मात्र बिघाड सगळ्यांचा सारखा नसतो. इजा वरच्या भागात असेल तर टोकाकडची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहते. मोजा घालून, वंगण लावलेलं बोट गुदद्वारात हलकेच गोल फिरवलं की आतडं आपसूक आकुंचन पावतं. इजा अगदी खाली असेल तर स्नायू सैल पडतात आणि मळ बोटानं काढावा लागतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची पद्धत आपल्याला लागू पडेलच असं नाही, ते यामुळेच.

वेळ मात्र दोन्ही प्रकारच्या रुग्णांना पाळावी लागते. जेवणानंतर आतडं जागं होतं, म्हणून साधारण अर्ध्या तासाने कमोडवर बसायचं, तेही ठरलेल्या वेळीच. घडी बसायला काही आठवडे जातात.

रुग्णालयात हे शिकवतात, पण तेव्हा माणूस धक्क्यातून सावरलेलाच नसतो. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरसारख्या ठिकाणी जखमी जवानांना अनुभवी माणसांची सोबत असते. खेड्यात परतलेल्याला ती कुठून मिळणार? तिथे हे काम करते ती बायको, आई नाहीतर भाऊ.

इथे मोबाइल कामाला येतो. व्हिडिओ दार लावून, हवा तितक्या वेळा पाहता येतो. वेळेचा गजर लावता येतो, नोंदवही ठेवता येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. "आज दोन नंबर" एवढा निरोप पाठवला की मळ कडक झालाय हे नर्सला कळतं. वर्णन करण्याची लाज दोघांचीही वाचते! आंतरराष्ट्रीय स्पायनल कॉर्ड सोसायटीने २०१२ मध्ये ई-लर्न-एससीआय हे मोफत संकेतस्थळ सुरू केलं, पण ते प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांसाठी. घरच्या माणसाला घरच्याच भाषेतलं हवं.

बोटाला काय लागलं, रक्त आलं का, हे मोबाइलला कळत नाही. म्हणून बोटाने करायची क्रिया आधी प्रशिक्षित नर्ससमोर करूनच शिकायला हवी.

आणि एक धोका प्रत्येक व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगायला हवा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्यावर इजा असलेल्यांचा रक्तदाब शौचाच्या वेळीच एकाएकी उसळू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. लगेच थांबायचं, रुग्णाला ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवीचा कॅथेटर दुमडलाय का पाहायचं. उतार पडला नाही तर रुग्णालय गाठायचं. अशा रुग्णांचा नेहमीचा रक्तदाब बहुधा कमीच असतो, त्यामुळे १४० हा वरचा आकडा गावच्या डॉक्टरला साधा वाटू शकतो. नेहमीचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवावा आणि दवाखान्यात शिरताच तोच दाखवावा.