फेक, टप्पा, झेल

पहाटे ५:४५
तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते, पण माझा दिवस सुरू होतो तो आजी-आजोबांसोबत. शाळेच्या मैदानाकडेला सिमेंटचे बाक आहेत. साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी तिथे माझ्याआधी येऊन बसलेली असतात.

सुरुवात बसूनच. चप्पल काढून तळपायाखाली टेनिस बॉल घ्यायचा आणि टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश फिरवायचा. मग पाठ न टेकता ताठ बसून मऊ रबरी बॉल उजवीकडच्याकडून घ्यायचा, कमरेतून वळायचं आणि डावीकडच्याला द्यायचा. अंग मोकळं झालं की ज्यांना झेपेल त्यांनी उभं राहायचं आणि जोडीदाराला टप्पा देऊन बॉल द्यायचा. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांचा व्यायाम बाकावरच चालू राहतो.

"अगं, या वयात झेल घेऊन मी कुठे खेळायला जाणार आहे?" असं एका आजींनी विचारलं होतं. मी त्यांना बॉल मुद्दाम जरा बाजूला टाकला. त्यांनी पटकन एक पाऊल बाजूला टाकून तो घेतला. "आजी, हे पाऊल हवंय," मी म्हणाले. न्हाणीघरात किंवा पायरीवर तोल गेला, तर माणसाला सावरतं ते असं वेळेवर पडलेलं पाऊल. शेवटची पाच मिनिटं बॉल हातात उडवत चालायचं आणि शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे. एरवीही आपण चालता चालता बोलतो, पिशवी सांभाळतो, मागे वळून बघतो. लक्ष दोन ठिकाणी असताना पाय सांभाळण्याचा सरावही व्हायला हवा.

सकाळी ९:४५
घरचं आवरून, डबा घेऊन मी शाळेत साहित्याच्या खोलीत येते. पंपाची सुई ओली करून मगच बॉलमध्ये घालायची, नाहीतर आतला वॉल्व्ह फाटतो. सामन्याचा व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा आणि टणक असतो. नवख्यांसाठी जुने व्हॉलीबॉल मी मुद्दाम कमी हवेचे ठेवते. ते कमी उसळतात आणि लागले तरी दुखत नाही. टेनिस बॉलवर मार्करने मोठे आकडे काढलेले आहेत. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून शिवलेल्या चेंडूंची एक गोणीही आहे. वर्गात साठ मुलं आणि विकतचे बॉल मोजकेच. एकाने झेलायचं आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, असा तास मला मान्य नाही.

सकाळी ११:००
परिपाठ संपला की पाचवीचा तास. दिवसातला हा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'याला काही जमत नाही' हा शिक्का याच वयात बसतो आणि पुढे पुसता पुसत नाही.

बॉल अंगावर येताना डोळे मिटणं हे शरीराचं स्वाभाविक संरक्षण आहे. ओरडून ते जात नाही, भीती गेली की जातं. म्हणून आम्ही फुग्यापासून सुरू करतो. फुगा हळू खाली येतो, तेवढ्यात डोळ्यांना वाट कळते आणि हात तयार होतात. त्यानंतर जमिनीवरून घरंगळत येणारा बॉल, मग एक टप्पा पडून येणारा, मग कमी हवेचा व्हॉलीबॉल थेट हातात आणि सर्वांत शेवटी टेनिस बॉल. लहान मूल आधी बॉल छातीशी कवटाळतं. नुसत्या तळव्यांनी, बोटांनी घेणं नंतर येतं. मधली पायरी गाळली की मूल मैदानाच्या कडेला जाऊन बसतं.

एक मुलगा नेहमी तोंड फिरवायचा. "झेलू नकोस, बॉलवरचा आकडा तेवढा वाच," असं सांगून मी त्याच्याकडे बॉल टप्प्याने टाकत राहिले. "सात! तीन! मॅडम, परत तीन!" आकडा वाचायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. काही दिवसांनी हात आपोआप पुढे आले. आज तो डाव्या हाताने घ्यायचा हट्ट धरून बसला होता.

दुपारी १२:२०
आठवीचे गट करून मैदानावर पाच ठिकाणं आखते. एका ठिकाणी भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून एका हाताने टेनिस बॉल मारायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, तीस सेकंदांत किती ते मोजायचं. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही हातांनी आळीपाळीने टप्पे देत खुणांमधून नागमोडी पळायचं. तिसरीकडे पाठीला पाठ लावून बॉल डोक्यावरून आणि पायांमधून द्यायचा, चौथीकडे एका पायावर उभं राहून झेल, पाचवीकडे चिंध्यांच्या चेंडूने नेम. तीन मिनिटांनी शिट्टी आणि जागाबदल. साठ जणांना घाम फुटतो, कुणीही रिकामं उभं राहत नाही.

भिंतीचा आकडा प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहायचा आणि स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून बघायचा. दुसऱ्याची वही बघायची नाही.

दुपारी १:४०
मधली सुट्टी. पिंपळाखाली सात दगडांची लगोरी लागते. नेम, वाकणं, पळणं, चुकवणं, रचणं सगळं त्या एका खेळात आहे. मी पंच होते, बाकी काही शिकवत नाही.

दुपारी ३:००
दहावीचा पीटीचा तास अभ्यासासाठी मागितला जातो. मी तो सोडत नाही. मुलांना सांगते, दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याने लहान चेंडूच्या व्यायामावर स्वतंत्र निबंध लिहिला. हा व्यायाम सर्वांगाला होतो आणि गरिबातल्या गरिबालाही परवडतो, म्हणून त्याला तो आवडायचा. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. तीन महिने तीन चेंडू उडवून झेलायला शिकलेल्या लोकांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागात, वाढ दिसली. सराव थांबल्यावर ती पुन्हा ओसरली. हे सांगून झालं की मोज्यांचे चेंडू वाटते. आधी एक, मग दोन. तिसऱ्याची घाई नाही.

संध्याकाळी ५:३०
आता पोलीस भरतीची मुलं-मुली. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले १५ गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. बहुतेक जण नुसत्या खांद्याने जोर लावतात आणि खांदा दुखवून घेतात. म्हणून गोळ्याआधी मेडिसिन बॉल देते, दोन-तीन किलोचा. गुडघ्यात वाकून छातीपासून पुढे ढकलणं, कमरेतून वळून भिंतीवर मारणं, दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे फेकणं. जोर पायांतून उठतो, कमरेतून वर जातो आणि बोटांतून सुटतो. फेक संथ व्हायला लागली की वजन कमी करायचं किंवा थांबायचं, कारण इथे वेग कमवायचा असतो. "मॅडम, आज पायातून आलं!" असं एक मुलगी ओरडली, तेव्हा फेकीचं अंतर मोजायच्या आधीच मला तिची प्रगती कळली होती.

रात्री ८:३०
जेवण झाल्यावर उद्याची आखणी. पाचवीतला तो मुलगा आता दोन पावलं मागे उभा राहील. आजींच्या गटाला थोडा लहान बॉल. दिवसभर मी सगळ्यांसोबत एकच काम करते: बॉलचा आकार, वजन, वेग आणि अंतर यांतली एकच गोष्ट थोडी अवघड करायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. चपळाई जन्मजात असते असं म्हणून आपण असंख्य मुलांना मैदानाबाहेर बसवतो. त्यांना आपण खालची पायरी कधी दिलेलीच नसते. घरात मूल असेल तर आज एक फुगा फुगवा, समोर उभे राहा आणि दहा मिनिटं त्याच्याशी खेळा. उद्या फुग्याच्या जागी चिंध्यांचा चेंडू घ्या.