पुसू नका, झाका

डिजिटल चित्रात लेयरचा भाग खोडरबरने पुसून फाइल बंद केली, की तो गेलाच. मास्क मात्र नुसता झाकतो. तो असतो करड्या छटांचा: 8 बिटच्या मास्कमध्ये 0 म्हणजे काळा, पूर्ण अदृश्य, 255 म्हणजे पांढरा, पूर्ण दृश्य, मधल्या छटांनी केसांच्या कडा अलगद विरतात. नवशिक्यांची गाडी इथेच अडते. लपवायला काळा रंग घ्यायचा, हे हाताला पटतच नाही. क्लिप स्टुडिओ पेंटने यावर छान तोड काढली आहे. मास्क निवडून खोडरबर फिरवा, भाग लपतो. कुठल्याही रंगाचा ब्रश फिरवा, परत दिसतो. फोटोशॉपमध्ये झाकलेल्या भागावर लाल छटा आणता येते, पण त्यासाठी बॅकस्लॅशची कळ माहीत हवी! माझ्या मते मास्क निवडताच ही छटा आपोआप दिसायला हवी.