सायकलची केदारखेडा टेस्ट!

वीकएण्डला मातीत चाक घालायचंय, पण महिन्याचं बजेटही कोलमडू द्यायचं नाही? मग शोरूममधल्या चकाकीपेक्षा फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचं मत जास्त कामाचं. वर्षानुवर्षं साथ देणाऱ्या माउंटन बाइकचा आणि तिच्या सामानाचा हा पैसा वसूल फंडा.

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. अप्रेझल झालं की तो एक झकास माउंटन बाइक उचलतो. एकवीस गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे-मागे सस्पेन्शन आणि रंग तर असा की पार्किंगमधल्या कार फिक्या पडाव्यात! पुढचे तीन रविवार फेसबुक-इन्स्टावर फोटोंचा पाऊस पडतो. चौथ्या रविवारी गिअर नीट बसत नाही, पाचव्या रविवारी मागचं चाक घासायला लागतं. दुकानदार सांगतो, 'पार्ट ऑर्डर करावा लागेल, तीन आठवडे लागतील.' सहाव्या रविवारपर्यंत त्या सायकलवर टॉवेल वाळायला लागलेले असतात.

आता जरा हिशेब करू. समजा सायकल वीस हजारांची आहे. वर्षातून चाळीस रविवार, अशी पाच वर्षं चालवली तर २०० राइड होतात. म्हणजे एक राइड १०० रुपयांना पडली, मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा स्वस्त. तीच सायकल तीन रविवारांत थकली, तर एक राइड पडली जवळपास ६,७०० रुपयांना! सायकल स्वस्त की महाग, हे प्राइस टॅगवर ठरत नाही. ती किती दिवस चालती राहते, यावर ठरतं.

आणि चालती राहणं कशावर ठरतं? त्यासाठी नकाशावर केदारखेडा शोधा. जालन्याहून राजूरच्या गणपतीला जाणारा रस्ता पुढे भोकरदनकडे निघतो, त्या वाटेवरचं हे गाव. आजूबाजूला काळी माती, कपाशी-मक्याची शेतं, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि बांधावर बाभळी. इथे ब्रॅण्डेड सर्व्हिस सेंटर शोधू नका. अशा गावाच्या फाट्यावर मिळतो तो पंक्चर काढणारा, एखादं वेल्डिंगचं दुकान आणि साध्या सायकलींचे सुटे भाग. आपली टेस्ट सोपी आहे बॉस : सायकलचा एखादा भाग इथे बिघडला, तर इथल्या हत्यारांनी निदान घरी पोहोचण्याइतका दुरुस्त होईल का? उत्तर 'हो' असेल तर पैसे टाका. 'नाही' असेल तर दोनदा विचार करा.

ही नुसती गंमत नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. जालना जिल्हाही त्यात आहे. तुमची सायकल बंद पडली तर तुमचा रविवार जातो. तिची बंद पडली तर शाळा बुडते. म्हणून तिला एकवीस गिअर नकोत, कोणीही उघडून नीट करू शकेल अशी सायकल हवी.

जगात हाच विचार मोठ्या प्रमाणावर झालाय. 'स्रॅम' या सायकलचे महागडे पार्ट बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे सहसंस्थापक एफ. के. डे यांनी २००५ मध्ये 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था सुरू केली. तिची 'बफेलो' सायकल आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी खास बनवलेली. वजनाने भरभक्कम, स्टीलची, मागच्या कॅरिअरवर १०० किलो ओझं घेणारी. सायकलींसोबत संस्था गावोगावी मेकॅनिकही तयार करते. हायटेक पार्ट विकणाऱ्या माणसाने टिकाऊपणासाठी निवडली ती साधी सायकल, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुळात माउंटन बाइकचा जन्मच भंगारातला! १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली पोरं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी स्टीलची फ्रेम बनवली. १९८१ मध्ये 'स्पेशलाइज्ड'ची 'स्टम्पजम्पर' आली आणि कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारी माउंटन बाइक बाजारात उतरली. यातल्या कशालाच मागे सस्पेन्शन नव्हतं, तरी मंडळी डोंगर उतरलीच ना!

चला, आता टेस्टला बसू.

फ्रेम : लोखंड की ॲल्युमिनियम?

स्टीलची फ्रेम जड, पण चिरली तर वेल्डिंगवाला तिला निदान घरापर्यंत नेईल. ॲल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, पण त्याचं वेल्डिंग कुठल्याही दुकानात होत नाही. मग ॲल्युमिनियम बाद? तसं नाही. वीकएण्डच्या वापरात फ्रेम सहसा सगळ्यात शेवटी मोडते. आधी वाकतो तो मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा छोटासा तुकडा, म्हणजे 'हँगर'. सायकल उजव्या कुशीवर पडली की बहुधा हाच वाकतो. मॉडेलप्रमाणे त्याचा आकार बदलतो, त्यामुळे नंतर शोधताना नाकीनऊ येतात. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या. खिशात मावतो आणि पुढचे कित्येक रविवार वाचवतो.

चाकं : इथे कंजुषी नको

डबल वॉलची रिम घ्या. खड्ड्यात आपटल्यावर ती सहजासहजी 'आउट' होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मागची गिअरची चक्रं 'फ्रीव्हील' आहेत की 'कॅसेट', हे दुकानदाराला विचाराच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण स्क्रूसारख्या बसणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे आत सरकलेले असतात. त्यामुळे एक्सलचा मोठा भाग आधाराविना राहतो आणि दगडधोंड्यांत वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये आधार पार टोकापर्यंत जातो. खडबडीत रस्त्यावर नियमित जाणार असाल तर कॅसेटसाठी चार पैसे जास्त मोजा, वसूल होतील.

आता टायर. मराठवाड्यात खरा व्हिलन दगड नाही, काटा! बाभळीचा लांब काटा आणि जमिनीवर लोळणारा सराटा. ट्यूबलेस टायरमधलं सीलण्ट बारीक भोकं आपोआप बुजवतं, हे खरं. पण आपल्या उन्हाळ्यात ते काही महिन्यांत सुकतं आणि पुन्हा भरावं लागतं. महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्याला चांगलं जाड टायर, साधी ट्यूब आणि सोबत पंक्चर किट हेच परवडतं. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असलेला घ्या, म्हणजे फाट्यावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा.

चेन : अर्ध्या सुताची गोष्ट

पाच वर्षांच्या खर्चात सगळ्यात जास्त पैसे वाचवणारं हत्यार कोणतं? कंपासपेटीतली पट्टी! चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. चेन झिजली की ती लांबते. पिन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढे गेली की चेन बदला. एक सूत पुढे गेली असेल तर चेनने बहुधा मागची चक्रंही खाल्लेली असतात, आणि मग बिल कुठल्या कुठे जातं. वेळेवर बदललेली चेन म्हणजे गाडीचं वेळेवर बदललेलं ऑइल.

गिअरच्या नावांना मात्र भुलू नका. सात चक्रांचा साधा सेट नऊ-दहा चक्रांच्या सेटइतका रुबाबदार दिसत नाही, पण त्याची चेन आणि केबल सहज मिळते. टिकाऊपणाचं महत्त्व मोठ्या कंपन्यांनाही पटलंय. शिमानोने २०२३ मध्ये 'क्यूज' हा ग्रुपसेट आणला. त्यातल्या 'लिंकग्लाइड' तंत्राची चक्रं जुन्या पद्धतीच्या तिप्पट टिकतात, असा कंपनीचा दावा आहे. फक्त हे पार्ट जुन्या सेटशी मिसळता येत नाहीत, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्या.

ब्रेक : केबल की ऑइल?

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक म्हणजे लोण्यात सुरी. एका बोटाने लागतो. पण त्यातलं तेल गळलं तर केदारखेडा टेस्टमध्ये नापास! शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. घाईत कोणी मोटरसायकलचं ब्रेक ऑइल ओतलं तर आतली सीलं खराब होतात. साधे व्ही-ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे, पण पावसात काळी माती टायर आणि ब्रेकच्या मध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. मधला मार्ग म्हणजे केबलवर चालणारा मेकॅनिकल डिस्क ब्रेक. चिखलाचा त्याला त्रास कमी आणि केबल तुटली तर ती बदलणंही सोपं. दर रविवारी घाटात उतरणाऱ्यांनी हायड्रॉलिक घ्यावेत, पण सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरून.

सस्पेन्शन : इथे पैसे वाचवा

स्वस्त सायकलच्या मागे लावलेलं स्प्रिंग हे निव्वळ शोपीस. वजन वाढतं, सांधे वाजतात आणि पेडल मारायची ताकद उसळण्यात वाया जाते. पुढचा स्वस्त फोर्कही दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतो. बजेट कमी असेल तर मागे काहीही नको आणि पुढचा फोर्क साधा चालेल. वाचलेले पैसे चाकं, टायर आणि हेल्मेटवर घाला.

अंगावर काय?

हेल्मेटच्या आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे मानक छापलंय का, ते बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठणठणीत दिसलं तरी बदलाच. इथे 'वर्षानुवर्षं टिकलं' ही कौतुकाची गोष्ट नाही. पॅडवाली शॉर्ट एकच घ्या, पण चांगली घ्या. स्वस्तातला फोम लवकर बसतो आणि मग आपल्यालाही बसवत नाही! हातमोजे, यूएसबीवर चार्ज होणारा दिवा, बस्स. ब्रॅण्डेड जर्सी नंतर बघू.

सोबतीची थैली

एक जादा ट्यूब, पंक्चर किट, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा सेट, चेन जोडायची क्विक लिंक आणि तो हँगर. सगळं सीटखालच्या थैलीत मावतं.

राइडनंतर गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरचं पाणी मारू नका. ते छर्ऱ्यांच्या आतलं ग्रीस धुऊन काढतं. बादली, ब्रश आणि जुना बनियन पुरे. चेन कोरडी करून चेनचंच तेल थेंब-थेंब घाला आणि वरचं पुसून टाका. जळकं इंजिन ऑइल अजिबात नको, ते धूळ ओढतं आणि चेनचा सॅण्डपेपर होतो.

ब्रॅण्डचं म्हणाल तर एक गंमत बघा. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. पण त्या काळ्या दणकट सायकलींचं टायर, चेन, पेडल साध्या मापाचं, म्हणून कुठल्याही कंपनीचं बसतं. कंपनी थांबली, सायकली नाही. तेव्हा शोरूममध्ये 'वॉरंटी किती?' या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारा, 'हा पार्ट दुसऱ्या कोणाचा बसतो का?' सेल्समन अडखळला, तर शेजारच्या दुकानात जा. पाऊस सरून शेतरस्ते वाळले की राजूर, केदारखेडा, भोकरदन अशी राइड ठरवा. तुमचं सिलेक्शन कसं आहे, ते रस्ताच सांगेल.