जयपूर फूट : भारतीय सवयींचा पाय

नुंगंबाक्कमच्या अगस्तीश्वर मंदिरात आपण अनवाणी जातो. घरी मांडी घालून जेवतो. परदेशी बनावटीचा जुना कृत्रिम पाय मात्र बूट आणि खुर्ची गृहीत धरून बनवलेला होता. बुटाविना तो झिजे. घोटा ताठ असल्याने उकिडवे बसता येत नसे. म्हणून अनेकजण तो काढून पुन्हा कुबड्या घेत. 1968 च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी नवे पाऊल घडवले. आत लाकूड व स्पंज रबर, बाहेर टायरसारखे पक्के रबर. ते वळते, वाकते आणि चिखलपाण्यातही टिकते. मला यातून एवढेच कळले : मोहिमेआधी जशी टेहळणी, तसे साधन घडवण्याआधी वापरणाऱ्याचा दिवस पाहावा.