उद्यानाचे नाव कोण ठरवते?

सार्वजनिक उद्यानाचे नामांतर शहरात नगरसेवकांच्या सभागृहाने संमत केलेल्या ठरावाने, म्हणजे सभेपुढे रीतसर मांडून नोंदवलेल्या निर्णयाने, होते आणि मुंबईतील दादरचे मैदान हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण होय. महापालिकेने १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुल्या केलेल्या, सुमारे २८ एकरांच्या या मैदानाला १९२७ मध्ये, तत्कालीन प्रचलित कालगणनेनुसार शिवजन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळाले. परकीय सत्तेखालील नागरी संस्थेत हा निर्णय घडवून आणणाऱ्या आणि त्याआधी चंपारणात गांधीजींसोबत काम केलेल्या या कार्यकर्तीचा उल्लेख मैदानाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवा. २०२० मध्ये महापालिकेने हेच नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे विस्तारले. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनचे १९६९ मध्ये ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झाले, तरी मुंबईकरांच्या तोंडी ‘राणीची बाग’ टिकून आहे. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात मात्र नगरसेवकांचे सभागृह नसते. तेथे निवडून आलेल्या ग्रामपंचायतीसोबत ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व नोंदणीकृत मतदारांची सभा, असते आणि तीत प्रत्येक मतदाराला स्वतः बोलता येते.